आत्याला बसवलं ती वर्षं

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या गुडघ्यांचा सगळा कारभार नारायणगावातल्या एका पंचविशीतल्या मुलीच्या हाती गेला आहे. तिच्या दवाखान्यात औषधाची बाटली म्हणून दिसत नाही. दोन खुर्च्या, एक सतरंजी, रबरी पट्टे आणि भिंतीवर हाडांचं चित्र, एवढाच पसारा. मी गेले की ती म्हणते, "चला काकू, हात छातीवर. कुठंही न टेकता उठायचं, हळू बसायचं. दहा वेळा." सहाव्या वेळी मला धाप लागते. आयुष्यभर शाळेत पोरांना उठाबशा काढायला लावल्या, ते पाप आता फेडते आहे असं मी तिला सांगते. ती हसते आणि उरलेल्या चार काढून घेतेच. मग सतरंजीवर मांडी घालून बसायचं आणि एकाच हाताचा आधार घेऊन उभं राहायचं. "अंगाला काम दिलं नाही ना काकू, की अंग विसरून जातं," असं ती पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा पाणी प्यायचं निमित्त करून मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. मला हे ठाऊक होतं. एका बाईच्या अंगाला मी स्वतःच सगळं विसरायला लावलं होतं. या आठवणी लिहायला घेतल्यापासून हे प्रकरण मी तीनदा बाजूला सारलं आणि पुढचं लिहीत बसले. आज लिहून टाकते.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, एसटी जिथं थांबते तिथून दीड-दोन तास चढलं की आमची वाडी लागायची. माझे आई-वडील मी कळती व्हायच्या आधीच गेले. मला वाढवलं ते वडिलांच्या थोरल्या बहिणीनं. तिचं नाव ठकूबाई. वाडीत सगळे तिला आक्का म्हणत, मी आत्या. नवऱ्यानं टाकलेली, मूलबाळ नसलेली ही बाई भावाच्या घरी परत आली आणि भाऊच निघून गेला, तेव्हा तिच्या पदरात तीन भातखाचरं आणि मी, एवढंच उरलं. तिला खुर्चीवर बसलेली मी कधी पाहिली नाही, कारण घरात खुर्चीच नव्हती. चुलीपुढं उकिडवी बसायची ती तासन् तास. भाकरी थापता थापता मागं वळून मला धपाटा घालायची आणि तशीच, जमिनीला बोटही न लावता, उभी राहायची. पाणी खालच्या ओढ्याकडच्या झऱ्यावरून आणावं लागे. वाट खडकातली, पाय ठेवायला कोरलेल्या पावठ्या असलेली. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, दोन्ही हात मोकळे, आणि चढताना तोंड चालू. मी रिकाम्या हातानं तिच्या मागून धापा टाकत यायची आणि ती वरून ओरडायची, "अगं चल की मंदे, तुला का मी कडंवर घिऊ?"

घर तसं आवाजाचं होतं. तांबडं फुटायच्या आत जात्याची घरघर सुरू व्हायची. जात्यावर आत्या ओव्या कमी आणि शेजारणींच्या उखाळ्यापाखाळ्या जास्त काढायची. मग उखळात भात कांडायचा धप्प-धप्प आवाज, तोही एका लयीत, कारण मुसळ ती या हातातून त्या हातात घेई. जेवणात नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी, पावसाळ्यात कुर्डूची भाजी आणि ओढ्यातल्या चिंबोऱ्यांचा रस्सा. भाताचे दिवस मोजके. आवणीला, भाताची रोपं लावायला, ती चिखलात वाकली की दुपारच्या भाकरीलाच सरळ व्हायची. वाडीतल्या तरण्या सुना कंबर धरून बांधावर बसायच्या, तेव्हा ती म्हणायची, "हातपाय चालत्यात तवर मानूस. मंग नुसतं गाठुडं." तिचं वय कुणालाच माहीत नव्हतं. मला नोकरी लागली तेव्हा साठीच्या आसपास असेल, त्यात पाचदहा वर्षं इकडं-तिकडं.

आमच्या डोंगरात सुखाची व्याख्या एकच होती: 'बसून खाते.' एखाद्या म्हातारीचं कौतुक करायचं तर बायका म्हणत, तिचा ल्योक कमावता झाला, आता ती बसून खाती. बसून न खाणारी म्हातारी म्हणजे पोरांनी वाऱ्यावर सोडलेली. मी वसतिगृहात राहून शिकले, डीएड झाले आणि वारूळवाडीजवळच्या शाळेत मला नोकरी लागली, तेव्हा सबंध वाडीतून सरकारी पगार घेणारी मी पहिली मुलगी. ऑर्डरचा कागद घेऊन मी डोंगर चढले, आत्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आत्या, आता तू बसून खायचं." बायकांनी डोळे पुसले. आत्या हसली. तिच्या हातातला विळा मी काढून घेतला आणि चुलतकाकाच्या, किसनकाकाच्या, हातात दिला. खाचरं आता त्यानं बघायची असं ठरलं. मला वाटलं, मी केवढं मोठं काम केलं.

वारूळवाडीत शमीमभाभीच्या घरातली एक खोली आम्ही भाड्यानं घेतली. भाभी मूळची जुन्नरची, तिच्या नवऱ्याचं नारायणगावात पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान. खोलीत ओटा होता, ओट्यावर गॅस, कोपऱ्यात नळ. दळणाला गिरणी, कपड्याला नळाखालचा दगड. जे जे आत्याच्या अंगावर होतं ते ते सगळं ओट्यानं, नळानं नाहीतर गिरणीनं उचललं. पहिल्या आठवड्यात ती पहाटे उठून बसायची आणि काही करायला नाही म्हणून भाभीचंही अंगण झाडायची. हमरस्त्यावरून ट्रकांची धडधड आणि जीपवाल्यांचं "जुन्नर, जुन्नर, एक शीट" हे आरडणं दिवसभर ऐकू येई. ती म्हणायची, "हितं गाड्याच तेवढ्या कामाला. मानसं बसल्याली." मी म्हणायची, "मग तूही बस की." ती म्हणायची, "बसून बसून आंग आंबतंय माजं, मंदे." मला ते कौतुकानं केलेलं कुरकुरणं वाटायचं.

मग एकाएकी तिची कुरकुर थांबली. मी शाळेतून आले की ती ओट्याशी उभी, तोंडानं काहीतरी गुणगुणते आहे, चेहरा उन्हानं रापलेला, जेवण दणकून. तिची बोटं हिरवी-काळी दिसायची आणि अंगाला एक उग्र पाल्यासारखा वास यायचा. विचारलं तर म्हणायची, भाभीच्या परसात कायबाय निवडीत व्हते. भाभीही मान हलवायची. दोघी मिळून मला तीन महिने फसवत होत्या आणि मला पत्ता नव्हता. सकाळी मी शाळेत गेले की रस्त्यावर टेम्पो थांबायचा. टोमॅटोच्या तोडणीला बायका घेऊन जाणारा. आत्या पदर खोचून त्यात चढायची आणि मी यायच्या आत परत येऊन, डाग जावेत म्हणून कच्चा टोमॅटो चोळून हात धुऊन, ओट्याशी उभी राहायची.

हे मला कळलं ते शाळेच्या स्टाफरूममध्ये. आमच्याकडं कुटे बाई म्हणून एक शिक्षिका होत्या, पिंपरी पेंढारच्या. त्यांच्या घरचं टोमॅटोचं वावर होतं. मधल्या सुट्टीत डबे उघडले होते, सगळे बसले होते, आणि बाई अगदी मोकळ्या मनानं म्हणाल्या, "अहो मंदाताई, काल आमच्या वावरात तुमच्या आत्या हो! मी ओळखलंच नाही आधी. काय पाटी उचलतात! एकटी बाई गड्याला लाजवंल." त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त बाकीच्यांचं हसू ऐकू आलं. आमचे हेडमास्तर डब्यातून मान वर न करता म्हणाले, "का हो बाई, पगार पुरत नाही का?" सगळे आणखी हसले. मी डबा झाकला. डोंगरातून आलेली मी, इस्त्रीची साडी नेसून, शुद्ध बोलून, त्या टेबलाशी माझी जागा कशीबशी मिळवली होती, आणि माझ्या आत्यानं टोमॅटोच्या पाटीसकट येऊन तिथं माझी फजिती केली होती असं मला वाटलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी येऊन दारात उभी राहिले.

आत्या टेम्पोतून उतरली ती हसत. मला पाहिलं आणि तिचं हसू गेलं. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. लिहिण्यासारखं नाही. तुला उपाशी ठेवते का मी, म्हणाले. लोक माझ्या तोंडात शेण घालतात, म्हणाले. शेवटी ती म्हणाली, "अगं, पर मला बरं वाटतं गं थितं. चार बाया भेटत्यात, आंग मोकळं व्हतं. चोरी तर न्हाई ना केली?" तिचं हे समजुतीचं बोलणं ऐकून मी आणखीच भडकले. मी तिचा हात ओढला आणि माझ्या गळ्यावर ठेवला. म्हणाले, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. यापुढं कामाला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

चटका बसावा तसा तिनं हात मागं घेतला. शमीमभाभी आपल्या दारातून बघत होती. ती म्हणाली, "अगे मंदा, ऐसी कसम नको घालू गं. सुटली बोल, लगेच बोल." मी आत गेले आणि दार लावून घेतलं. शाळेतली पोरं दिवसाला पन्नास शपथा घालतात आणि पन्नास वेळा 'सुटली' म्हणतात. पण आमच्या वाडीत शपथ हा खेळ नव्हता. ज्यानं घातली त्यानंच ती 'सुटली' म्हणून सोडवायची, नाहीतर ती तशीच राहायची. मला हे माहीत होतं. मीही त्याच डोंगरातली. मला हेही माहीत होतं, की ज्या बाईनं भाऊ-भावजय दोघंही गमावली आणि जिला माझ्याशिवाय कुणी नाही, ती माझ्या गळ्याशी खेळ करणार नाही. म्हणून तर शपथ घातली.

ती काटेकोर बाई. मी 'कामाला' म्हटलं होतं, मग सगळंच काम आलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं झाडू उचलला नाही. अंगण नाही, भांडी नाही, तांदूळ निवडायचं सूप मांडीवर घेतलं तरी माझ्याकडं बघायची आणि खाली ठेवायची. भिंतीला टेकून पाय लांब करून बसायची. मी एक-दोनदा हसत म्हटलं, "अगं, भाजी निवडली तर चालतं." ती म्हणाली, "मंग सुटली म्हन." आणि मी म्हटलं नाही. इथंच माझा खरा गुन्हा आहे. रागाच्या भरात शपथ कुणीही घालतं. पण राग तर आठवड्यात उतरला होता. मी म्हटलं नाही, कारण मला ते सोयीचं होतं. सुटली म्हटलं की ती परत टेम्पोत चढणार. शिवाय शाळेत आता सगळे म्हणत होते, मंदाताईंनी आत्याला कसं फुलासारखं ठेवलंय. मी तिच्यासाठी हातांची लाकडी खुर्ची आणली. तिला उठायला जड जातंय म्हणून आणली, आणि ते जड का जातंय हे स्वतःला विचारलं नाही. शेजारपाजारच्यांना बोलावून ती खुर्ची दाखवली.

त्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत तिनं पहिल्यांदा मागणं मागितलं. "मला घरी नेऊन सोड. कापणीला हात लावनार न्हाई. नुस्ती बांधावर हुबी ऱ्हाते." मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर म्हटलं, परीक्षा होऊ दे. परीक्षेनंतर उन्हाळा होता, मग पाऊस. तिनं दर वेळी मान हलवली. दरम्यान तिची चाल बदलली. आधी उंबरा ओलांडताना चौकटीला हात. मग भिंत धरून नळापर्यंत. मग जमिनीवर बसणंच बंद, कारण उठायला मी लागायची. जेवण कमी झालं. भूक कशानं लागणार? मांड्या तर अशा वाळल्या, की लुगड्याच्या निऱ्या सैल पडायच्या. मी समजत होते, वय झालं. वय झालं म्हटलं की कुणालाच जाब द्यावा लागत नाही.

दुसऱ्या वर्षी आखाडात ती मोरीत बसलेली उठेना. मी शाळेत होते. भाभीनं आणि तिच्या नवऱ्यानं तिला उचललं. मी आले तेव्हा भाभी दारातच होती. एरवी गोड बोलणारी बाई, पण त्या दिवशी म्हणाली, "मंदा, तू बुरा मत मान. तुझी आत्या म्हातारी नाय झाली. तू तिला म्हातारी केलीस. आली तेव्हा माझ्या दोन बादल्या एका हातात उचलायची." डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तिला उठवलं, बसवलं, पाय वाकवले, गुडघे दाबले आणि मला विचारलं, "पडल्या होत्या का? ताप, लकवा, काही?" मी म्हटलं, नाही. "मग बसवून ठेवलं होतं का?" आत्या लगेच म्हणाली, "न्हाई हो डाक्टर, माझी पोर लई करती माझं." डॉक्टरांनी सांगितलं, हाडं शाबूत आहेत, ताकद गेली आहे. रोज उठवा, चालवा, थोडं थोडं वजन उचलू द्या, डाळ-अंडी खाऊ घाला. गेलेलं काही परत येईल. सगळं येईल का, सांगता येत नाही.

घरी आल्यावर मी तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाले, "सुटली." मग पुन्हा म्हणाले, आणि पुन्हा. आत्यानं विचारलं, "घरी नेशील?" मी तेव्हाही सरळ हो म्हटलं नाही. मास्तरणीची जात ना! मी तिच्यापुढं परीक्षा ठेवली. म्हटलं, "डोंगर स्वतःच्या पायांनी चढलीस आणि झऱ्यावरनं एक कळशी आणलीस, तर तुला तिथं ठेवीन. नाहीतर एकटी तिथं राहणार कशी तू?" तिचे डोळे कितीतरी दिवसांनी चमकले. म्हणाली, "ठरलं. शब्द फिरवायचा न्हाई."

त्यानंतरचे आठ-नऊ महिने मी माणसाची जिद्द काय असते ते बघितलं. पहिल्या दिवशी चौकट धरून ती तीनदा उठली-बसली आणि घामानं निथळली. दोन्ही पाय थरथरत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनदा. महिन्यानं दहा. कळशीत तांब्याभर पाणी घालून ती खोलीत फेऱ्या मारायची, दर सोमवारी एक तांब्या वाढवायची. भाभीच्या कोंबड्यांची अंडी नाक दाबून खायची, कारण तिला ती उकडलेली आवडत नसत. सकाळी भाभीचा हात धरून हमरस्त्यापर्यंत, मग हात सोडून, मग परत येताना भाजीची पिशवी घेऊन. जीपवाले तिला ओळखायला लागले. एकजण रोज विचारायचा, "काय आजी, जुन्नर का?" आणि ती म्हणायची, "न्हाई राव, लांब जायचंय. चालत." शिमग्याच्या सुमारास एका दुपारी तिनं मला हाक मारली आणि जमिनीवर बसली. उकिडवी. एक हात भिंतीला लावला आणि उठली. माझ्याकडं बघून म्हणाली, "काय मास्तरीनबाई, पास का?" मी ओट्याकडं तोंड करून रडले. तिला वाटलं आनंदानं. थोडा आनंद होताही. पण तिला एकदा उठता यावं म्हणून एवढे महिने लागले, आणि हे उठणं माझ्या लहानपणी ती दिवसातून शंभर वेळा बोलता बोलता करायची, हेच माझ्या डोक्यात होतं.

आज ती दवाखान्यातली मुलगी मला जे करायला लावते, ते सगळं आत्यानं त्या खोलीत आपलं आपण शोधून केलं होतं. फरक एवढाच की मी वेळेवर सुरू केलंय आणि तिला ते पायांतली ताकद गेल्यावर करावं लागलं. मी त्या मुलीला एकदा विचारलं, की हातून निसटलेलं या वयात किती परत येतं. ती म्हणाली, "येतं काकू, पण गमावलं नसतं तर सोपं असतं."

पाऊस लागायच्या आधी, शाळेला सुट्टी असताना आम्ही निघालो. एसटीतून उतरलो, तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. आत्यानं डोंगराकडं बघितलं, नाकातून लांब वास घेतला आणि पदर खोचला. मी तिच्या मागं, हातात दोघींची पिशवी. ती चढत होती. हळू, पण एका चालीनं. पाऊल टाकायची, हात मांडीवर दाबायचा, दुसरं पाऊल. धाप लागली की उभ्यानंच थांबायची, हातातल्या काठीवर भार देऊन, आणि चार श्वास घेऊन पुन्हा निघायची. मला लहानपणी तिनंच शिकवलं होतं, चढाला उभ्यानं दम खायचा, बसायचं नाही. अर्ध्याहून जास्त वाट झाली. वरच्या पावठ्या दिसायला लागल्या, त्यांच्या वर वाडीतल्या घरांचे कौलारू शेंडे. तिच्या चेहऱ्यावर मला ओळखीची ती रग परत आलेली दिसत होती. पण ओठ काळे पडले होते आणि गुडघे लटपटत होते. मला ते बघवेना. मी म्हटलं, "आत्या, बस जरा. त्या दगडावर बस."

"न्हाई," ती म्हणाली. "बसले की उठायची न्हाई."

"अगं, दोन मिनिटं. कोण बघतंय? बस." मी पुढं झाले, तिच्या दंडाला धरलं आणि तिला दगडावर बसवलंच. पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. ती पाणी प्यायली. माझ्याकडं बघितलं नाही. दोन मिनिटांनी तिनं काठी रोवली आणि उठायला गेली. पाय उचललेच नाहीत. ती पुन्हा रेटा देऊन उठू लागली, मी काखेत हात घातला. मांड्यांना गोळे आले होते, दगडासारखे. तिच्या तोंडून एवढासा आवाज निघाला, आणि ती परत दगडावर बसली. आम्ही तासभर प्रयत्न केला. मी चोळलं, ओढलं, विनवण्या केल्या. शेवटी तीच म्हणाली, "जा. किसनाला सांग, घोंगडी घिऊन ये म्हनाव."

मी वर धावले. किसनकाका आणि तीन गडी आले. बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. आमच्याकडं आजारी माणूस, अडलेली बाळंतीण अशीच न्यायची असते. अशा झोळ्यांच्या पुढं चालून वाट दाखवायचं काम वाडीत नेहमी आत्याकडं असायचं. त्या दिवशी ती झोळीत होती आणि डोळे मिटून होती.

अंगणात सगळी वाडी जमली. बायकांनी गूळ-पाणी आणलं, काहीजणी तिचे पाय पोटाशी धरून चोळायला बसल्या. एकजण झऱ्याचं पाणी घेऊन आली, कळशी तिच्या पुढ्यात ठेवली. आत्यानं कळशीत हात बुडवून तो तोंडावरून फिरवला. किसनकाकानं सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "आक्का, तू आमच्या फुडं पळनारी बाई. पाय कशानं गेलं गं तुजं?"

मी पिशवी हातात घेऊन चौकटीपाशी उभी होते. इस्त्रीची साडी, खांद्यावर पर्स. आत्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या मनात आलं, आता ही सांगेल. सांगावं, असंही वाटलं, आणि सांगू नये म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. ती खुशाल हसली आणि म्हणाली, "कशानं म्हंजी? पोरीनं लई सुख दिलं. गाद्या, खुर्ची, नळ. म्याच आळसावले. कामच न्हाई ऱ्हायलं मला, बया."

बायकांच्या तोंडून एकदम हुंकार निघाला. नशीब काढलंस आक्का, असं सगळ्या म्हणाल्या. एका म्हातारीनं येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवले, आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि माझी दृष्ट काढली. मी मान खाली घातली. त्यांना तो माझा विनय वाटला.

त्यानंतर आत्या वारूळवाडीच्या खोलीत सहा वर्षं जगली. मला एकदाही टोचून बोलली नाही. वर नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घोंगडीतून तिला डोंगर उतरवला, तेव्हा तिनं घराकडं मागं वळून बघितलं की नाही, मला ठाऊक नाही. मी झोळीच्या मागं होते आणि मला फक्त घोंगडीची पाठ दिसत होती. चढून येणाऱ्या बायका डोक्यावरचा भार सावरत वाटेतून बाजूला व्हायच्या, झोळीत डोकावायच्या आणि मला म्हणायच्या, "पोर असावी तर आशी." मी एकीलाही खरं सांगितलं नाही.